मायर: एक जर्मन हुद्दा, त्याच्या बोली आणि त्यातून निघालेली आडनावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जर्मन शिकणारे, जर्मनमधून मराठीत अनुवाद करणारे आणि जुन्या नोंदींमध्ये घराण्यांचा माग काढणारे, तिघांनाही 'मायर' हे आडनाव कधी ना कधी अडवतं. ऐकायला एकच, लिहायला आठ तऱ्हा, आणि अर्थ प्रांतागणिक वेगळा. सगळा मजकूर देवनागरीत असल्यामुळे स्पेलिंगमधला फरक सांगताना रोमन अक्षरांची नावं वापरली आहेत: 'ईआय', 'ईवाय', 'एआय', 'एवाय'.

'मायर' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

मोठ्या जमीनदाराच्या वतीने त्याची शेती आणि वसुली सांभाळणारा कारभारी. जमीनदार म्हणजे राजा, सरदार, बिशप किंवा मठ. लॅटिनमधला 'माइओर' म्हणजे 'अधिक मोठा, वरचा' हा शब्द जर्मनमध्ये शिरला आणि झिजत झिजत 'मायर' झाला. मध्ययुगीन कागदांत 'मायगर' असंही रूप दिसतं. फ्रँक राजांच्या दरबारातला 'माइओर दोमुस', म्हणजे राजवाड्याचा मुख्य कारभारी, याला जर्मन इतिहासात 'हाउसमायर' म्हणतात. याच पदावरच्या पिपिनने 751 साली राजालाच बाजूला सारून मुकुट घेतला. म्हणजे एका टोकाला राजसत्ता बळकावणारा मायर, तर दुसऱ्या टोकाला खेड्यातल्या गोठ्याचा हिशेब ठेवणारा मायर.

कोकणातला खोत डोळ्यांसमोर आणला तर मराठी वाचकाला हे चटकन उमगेल. वसुली करून वर पोचवणारा, गावात वजन असलेला, आणि पुढे हुद्दा गेला तरी आडनाव म्हणून उरलेला. फरक असा की खोत सरकारला सारा भरायचा. मायर मात्र आधी धन्याचा नोकर होता आणि बऱ्याच भागांत नंतर त्याचं कूळ झाला.

मायर रोज नेमकं काय करायचा?

जमीनदाराच्या जमिनीचे दोन भाग असत. एक भाग धनी स्वतःसाठी कसवून घेई, दुसरा कुळांमध्ये वाटलेला असे. धन्याच्या शेतावर कोणत्या दिवशी कोणी वेठीला यायचं, कोणी औत आणायचं, धान्याचा वाटा कधी मोजायचा, कोंबड्या-अंडी किती घ्यायची, हे सगळं मायर ठरवी आणि वसूल करी. कित्येक ठिकाणी धन्याच्या वाड्यावर भरणाऱ्या कुळांच्या न्यायसभेतही तोच बसे. स्वतः तो गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतवाडीत राही. तिचं नाव 'मायरहोफ'. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतातलं 'मायरहोफेन' हे गाव याच शब्दावरून आलं आहे.

सन 800च्या सुमाराचा, राजाच्या खासगी जमिनींसाठी काढलेला हुकूमनामा 'कापितुलारे दे विलिस' या नावाने ओळखला जातो. त्यात मायरबद्दल दोन नियम आहेत. पहिला: एका दिवसात फिरून पाहता येईल तेवढाच मुलूख एका मायरकडे द्यावा. दुसरा: बड्या लोकांमधून मायर नेमू नयेत, मध्यम स्थितीतले आणि इमानी असतील तेच नेमावेत. बडा माणूस कारभारी झाला की मालकच होऊन बसतो, ही भीती त्यामागे होती, आणि पुढच्या शतकांत अनेक ठिकाणी नेमकं तेच घडलं.

एकाच नावाची इतकी स्पेलिंग कशी झाली?

तीन जागी पर्याय आहेत. पहिला स्वर 'ए' की 'ई', दुसरा 'आय' की 'वाय', आणि शेवटी 'ईआर' की नुसता 'आर'. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. यातली सहा रूपं भरपूर आढळतात, 'एमईआयआर' आणि 'एमईवायआर' ही दोन विरळ.

'ए' आणि 'ई'चा फरक दक्षिणेकडच्या लिहिण्यातून आला. बव्हेरिया-ऑस्ट्रियातल्या कचेऱ्यांमध्ये जुना 'आय' स्वर आणि लांब 'ई' या उच्चारापासून (रोमन अक्षर 'ई' नव्हे) नव्याने तयार झालेला 'आय' स्वर वेगळे दाखवायची रीत होती. जुन्यासाठी 'एआय', नव्यासाठी 'ईआय'. 'कायझर' हा शब्द आजही 'एआय'ने लिहितात तो याच रीतीमुळे. उत्तरेत ही रीत रुजली नाही, म्हणून तिथे 'ईआय' आणि 'ईवाय'.

'वाय' ही निव्वळ जुन्या लेखनाची लकब. शब्दाच्या शेवटी किंवा स्वराच्या जोडीला 'आय'ऐवजी 'वाय' काढत. रोजच्या शब्दांतून तो पुढे गळला, आडनावांत मात्र अडकून राहिला. याचं कारण कायद्यात आहे. 1875च्या कायद्याने 1 जानेवारी 1876पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी सुरू झाली, आणि त्या वेळी कारकुनाने जे लिहिलं ते पक्कं झालं. त्याआधी एकाच माणसाचं नाव लग्नाच्या नोंदीत एक आणि मुलाच्या बाप्तिस्म्यात दुसरं, हे रोजचंच होतं.

म्हणून 'ईवाय'वाले खानदानी आणि 'ईआय'वाले साधे, या समजुतीला काडीचाही आधार नाही.

स्पेलिंगवरून घराणं कुठलं ते कळतं का?

अंदाज बांधता येतो, पुरावा म्हणून चालत नाही. 'ईवाय' उत्तरेत, विशेषतः लोअर सॅक्सनी आणि वेस्टफालियाच्या पूर्व भागात दाट आहे. 'एआय' दक्षिणेकडच्या वुर्टेम्बर्ग आणि बव्हेरियात. 'एवाय' अख्ख्या दक्षिणेत आणि ऑस्ट्रियात. शेवटचा 'ई' गाळलेला 'एमएवायआर' अप्पर बव्हेरिया, श्वाबेन आणि ऑस्ट्रियात, तर 'एमएआयआर' टिरोल आणि इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये. 'ईआय' सगळीकडे विखुरलेला आहे, स्वित्झर्लंडमध्ये तर फारच.

शास्त्रज्ञांची नावं घेतली तर हा नकाशा बरोबर उमटतो. आवर्तसारणीवर काम करणारे लोथार मायर (1830–1895) 'ईवाय'वाले, जन्म उत्तरेत ओल्डेनबुर्गजवळच्या फारेलचा. ऊर्जेच्या अक्षय्यतेचे युलिउस रोबेर्ट मायर (1814–1878) 'एवाय'वाले, हाइलब्रोनचे. चंद्राच्या गतीची कोष्टकं करणारे टोबियास मायर (1723–1762) हेही 'एवाय'वाले, जन्म मारबाखचा. दोघंही वुर्टेम्बर्गचे. पण चार नावं जुळली म्हणून पाचव्याचं गाव स्पेलिंगवरून ठोकून देऊ नये. लोक कामधंद्यासाठी हलतात आणि नाव सोबत नेतात.

बोलींमध्ये उच्चार कसा होतो? देवनागरीत काय लिहावं?

प्रमाण जर्मनमध्ये आठही रूपांचा उच्चार सारखाच, 'माय्अ'. शेवटचा 'र' ऐकू येत नाही. बव्हेरियन बोलीत जुन्या 'आय'चा 'ओअ' होतो. दगडाला 'श्टाइन'ऐवजी 'श्टोआ' म्हणतात, तसं मायरचं 'मोअर' होतं. बर्फावर जड दांडीवाली चकती सरकवायचा 'आइसश्टॉक' हा खेळ तिथे आवडीने खेळतात. त्यातल्या संघनायकाला आजही 'मोअर' आणि संघाला 'मोअरशाफ्ट' म्हणतात. कारभारीपण संपून कित्येक पिढ्या उलटल्या, पण शब्द जुन्याच अधिकाराने तिथे बसलेला आहे. झुरिचच्या बोलीत हाच स्वर 'मॅय'कडे झुकतो.

देवनागरीत 'मायर' लिहावं. 'मेयर' ही सवय इंग्रजी वाचनातून आली आहे. प्रयोगशाळेतल्या शंकुपात्राला आपल्याकडे 'अर्लेनमेयर फ्लास्क' म्हणतात. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते रसायनशास्त्रज्ञ एमिल एर्लेनमायर (1825–1909). रूढ झालेलं पाठ्यपुस्तकी नाव बदलायचा हट्ट नको, पण व्यक्तीचं नाव लिहिताना 'मायर'च हवं. अनुवादात एकाच पानावर दोन वेगळ्या स्पेलिंगचे मायर आले, तर पहिल्या उल्लेखाला रोमन अक्षरं मराठीत फोडून सांगावीत. नाहीतर वाचक दोघांना एकच समजतो.

उत्तर जर्मनीत मायर म्हणजे कूळ असं वाचलं. मग कारभारी कुठे गेला?

दोन्ही बरोबर, काळ वेगळा. मध्ययुगाच्या उत्तरार्धात लोअर सॅक्सनीतल्या जमीनदारांनी कारभाऱ्यामार्फत शेती करणं सोडलं आणि जमिनी ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने द्यायला सुरुवात केली. पट्ट्याचा कागद म्हणजे 'मायरब्रीफ', पट्टा घेणारा शेतकरी म्हणजे मायर. कारभाऱ्याचं नाव कुळाला चिकटलं ते असं. शेतकरी टिकला तरच आपला कर टिकतो, हे ओळखून राज्यकर्त्यांनी हळूहळू पट्टे वंशपरंपरागत केले. पूर्ण वाडीवाला 'फोलमायर', अर्धीवाला 'हाल्पमायर', आणि त्यांच्या खाली झोपडीपुरती जमीन असलेले 'क्योटनर'. ही उतरंड गावच्या करनोंदीत जशीच्या तशी दिसते.

खंड थकवला, शेती उजाड केली किंवा परवानगीशिवाय जमिनीचे तुकडे पाडले की धनी मायरला काढू शके. त्याला 'आपमायरुंग' म्हणत. जुन्या खटल्यांच्या कागदांत हा शब्द दिसला की बेदखल करण्याचा दावा समजावा. मायर कोणी मेला असा अर्थ लावू नये. हानोव्हर राज्यात 1833च्या कायद्याने शेतकऱ्यांना मोबदला भरून या बंधनांतून सुटण्याची वाट मिळाली.

यातून एक चूक वारंवार होते. नोंदीत नावापुढे 'मायर' असेल तर ते आडनाव आहे की त्या माणसाचा दर्जा, हे आधी पाहावं. 'हाल्पमायर' बहुतेक वेळा दर्जाच असतो.

श्टाइनमायर, नीमायर, ओबरमायर ही जोडनावं कशी वाचायची?

एका परगण्यात पाच मायर असले की ओळखीला काहीतरी जोडावं लागे. कधी जागा, कधी दिशा, कधी धनी, कधी वसुलीचा प्रकार. 'ओबर' वरचा, 'नीडर' खालचा. 'ओस्टर' पूर्वेचा, 'वेस्टर' पश्चिमेचा. 'क्लोस्टर' मठाचा, 'किर्श' चर्चचा. 'एर्लेन' म्हणजे एर्ले नावाच्या, ओलाव्यात वाढणाऱ्या झाडांजवळचा. जर्मनीचे अध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या नावातला 'श्टाइन' म्हणजे दगड. त्यांचा जन्म 1956 साली डेटमोल्टचा, म्हणजे लिप्पे या भागातला. लिप्पे आणि आसपासचा वेस्टफालिया हे अशा जोडनावांचं माहेरघर. तिथे 'मायर त्सु अमुक', म्हणजे 'अमुक वाडीचा मायर', अशी लांब आडनावंही अजून चालतात.

खरी गंमत पहिल्या पदाच्या बोलीत आहे. उत्तरेतल्या सखल जर्मनमध्ये 'नवा'ला 'नी' म्हणतात, म्हणून उत्तरेतला 'नीमायर' आणि दक्षिणेतला 'नॉयमायर' अर्थाने एकच. 'नीमायर'मधल्या 'नी'चा 'नीडर'शी, म्हणजे खालच्याशी, संबंध लावणं ही ठरलेली चूक. ब्राझिलियाच्या इमारतींचे वास्तुकार ऑस्कर नीमायर (1907–2012) यांच्या आडनावातून ही उत्तरेची बोली थेट ब्राझीलला पोचली.

दुसरी जोडी याहून सुंदर आहे. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला किंवा धन्याला द्यावा लागे. तो गोळा करणारा मायर बव्हेरिया-ऑस्ट्रियात 'त्सेहेटमायर' झाला आणि सखल जर्मन मुलखात 'टेग्टमायर'. दोन्हीत 'दशांश' हाच शब्द आहे. दक्षिणेकडच्या उंच जर्मनमध्ये जिथे 'त्स' झाला तिथे सखल जर्मनने जुना 'ट' ठेवला, इतकाच फरक. 'त्साइट' आणि 'टीट' (वेळ), 'त्सेन' आणि 'टाइन' (दहा) याच नियमाने चालतात. हा एक नियम लक्षात ठेवला की बरीच आडनावं आपोआप उलगडतात.

आणखी काही: 'ब्रोकमायर' दलदलीजवळचा (ब्रोक म्हणजे पाणथळ जागा). 'हागेमायर' कुंपण घालून वसवलेल्या वस्तीचा. 'लोमायर' झाडीजवळचा. 'सेडलमायर' धन्याच्या राहत्या वाड्याचा. 'विडमायर' चर्चला दान दिलेल्या जमिनीचा. या नावाला जर्मनमधल्या 'विधवा' या शब्दाशी जोडणारे लोक भेटतात, ते चूक आहे. सँडमेयर अभिक्रियेचे स्विस रसायनशास्त्रज्ञ ट्राउगोट झांटमायर (1854–1922) यांच्या नावातला पहिला भाग म्हणजे वाळू.

मायर हे ज्यू आडनाव आहे ना?

काही घराण्यांत आहे, आणि तिथे त्याचा उगम पूर्ण वेगळा. हिब्रूत 'मेईर' म्हणजे प्रकाश देणारा. तेराव्या शतकातले रोटेनबुर्गचे रब्बी मेईर हे त्या नावाचे प्रसिद्ध धारक. जर्मन भाषक ज्यूंमध्ये हे पहिलं नाव होतं, आणि जवळचं जर्मन रूप म्हणून ते 'मायर' असं लिहीत. रोथशिल्ड पेढीचे संस्थापक मायर आम्शेल रोथशिल्ड (1744–1812) यांच्यात 'मायर' हे पहिलं नाव आहे.

नंतर सरकारांनी ज्यूंना कायम आडनाव घ्यायला लावलं. ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा हुकूम 1787चा, नेपोलियनचा 1808चा, प्रशियाचा 1812चा, बव्हेरियाचा 1813चा. तेव्हा बाप-आजोबांचं 'मायर' कित्येकांनी आडनाव म्हणून लावलं. संगीतकार जाकोमो मायरबेअर यांचं मूळ आडनाव नुसतं 'बेअर'. आईच्या वडिलांच्या नावातला 'मायर' त्यांनी पुढे जोडला. उलट दिशेचं उदाहरण इस्रायलच्या नेत्या गोल्डा मेईर यांचं. 'मायरसन' हे आडनाव 1956 साली हिब्रू करून त्यांनी 'मेईर' घेतलं.

नुसत्या आडनावावरून कोणाचा धर्म ठरवू नये. मायर आडनावाची बहुसंख्य घराणी शेतकरी ख्रिस्ती उगमाची आहेत.

'मायराय' म्हणजे डेअरी कशी?

मायरची वाडी म्हणजे गुरंढोरं, आणि गुरं म्हणजे दूध-लोणी. श्लेस्विग-होलस्टाइनमध्ये दूध प्रक्रिया केंद्राला आजही 'मायराय' म्हणतात. बाकी जर्मनीत त्यासाठी 'मोल्केराय' चालतो. व्हिएन्नात उद्यानातल्या दूध-कॉफी मिळणाऱ्या जागेला हे नाव असे, तिथल्या श्टाटपार्कमध्ये ते अजून आहे. पत्त्यात 'मायराय' दिसलं तर आधी प्रांत पाहावा.

'श्लाउमायर', 'आंग्स्टमायर' ही खरी आडनावं का?

नाहीत. नाव इतकं सर्रास झालं की 'अमुक प्रकारचा माणूस' दाखवणारा प्रत्यय बनलं. 'श्लाउमायर' अतिशहाणा, 'आंग्स्टमायर' भित्रा, 'फेराइन्समायर' मंडळं आणि समित्यांमध्ये रमणारा, 'क्राफ्टमायर' ताकदीची फुशारकी मारणारा. 'असं झालं नाही तर मला मायर म्हणा' अशी पैजेची बोलीही आहे.

'बीडरमायर' याच वळणाचं. 1855पासून म्युनिकच्या 'फ्लीगेंडे ब्लेटर' या विनोदी साप्ताहिकात लुडविग आइख्रोट आणि आडोल्फ कुसमाउल यांनी एका भोळ्या गावशिक्षकाच्या नावाने कविता छापल्या. तेव्हा ते नाव 'एआय'ने लिहिलेलं होतं. नंतर 1815 ते 1848 या काळातल्या घरगुती, आटोपशीर फर्निचर-चित्रकलेच्या शैलीला हेच नाव पडलं आणि 'ईआय'ने स्थिर झालं. बीडरमायर नावाचा सुतार किंवा चित्रकार शोधत बसू नये.

शेजारच्या भाषांत हा शब्द सापडतो का?

फ्रेंच 'मेअर' आणि इंग्रजी 'मेयर' (महापौर) हे त्याच लॅटिन शब्दाचे. डचमध्ये 'मायर' आडनाव 'आयजे' अक्षरांनी लिहितात, आणि नॉर्ट-ब्राबांटमधला 'मायरै' हा भाग ड्यूकच्या अधिकाऱ्यावरून ओळखला जातो. पूर्वेकडे मायरहोफ ही वस्तू शब्दासकट गेली. हंगेरियन 'मयोर' आणि स्लोव्हाक 'मायेर' म्हणजे जमीनदाराची शेतवाडी, तर क्रोएशियातल्या 'नोवी मारोफ' या गावाचं नाव म्हणजे सरळ 'नवा मायरहोफ'.

जुन्या नोंदींत एखादा मायर शोधायचा तर सुरुवात कुठून?

गावापासून, नावापासून नव्हे. गाव, पंथ (कॅथलिक की प्रोटेस्टंट) आणि अंदाजे साल हाती नसताना 'मायर' शोधणं म्हणजे वेळ घालवणं. 1876पासूनच्या नोंदी सरकारी नोंदणी कार्यालयाने केलेल्या असतात. प्रशियात त्या 1 ऑक्टोबर 1874पासून मिळतात, ऱ्हाइनच्या डाव्या काठावर फ्रेंच अमलामुळे 1798पासून. जन्माची नोंद 110 वर्षांनी, लग्नाची 80 आणि मृत्यूची 30 वर्षांनी सर्वांना खुली होते. त्याआधी फक्त जवळचे नातलग ती मागू शकतात. सरकारी नोंदणीपूर्वीच्या काळासाठी चर्चच्या वह्या. प्रोटेस्टंट वह्या 'आर्खिओन' या संकेतस्थळावर पैसे भरून, कॅथलिक वह्या 'माट्रिकुला' या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. मात्र सगळी गावं अजून चढलेली नाहीत.

शोधखिडकीत आठही स्पेलिंग वेगवेगळी टाकावीत, शिवाय 'जे'वालं 'एमएजेईआर' आणि 'जी'वालं मायगर. उच्चारावरून शोधायची सोय असेल तर ती बहुधा 1969ची 'क्योल्नर फोनेटिक' पद्धत वापरते. तिच्यात 'एम'ला 6, 'आर'ला 7, आणि स्वर गळतात. सगळे मायर 67 या अंकात येतात, पण मोर आणि माउअर ही पूर्ण वेगळी आडनावंही 67च. यादी हाताने गाळावी लागते.

वाचताना फसवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. 'कुरेंट' या जुन्या जर्मन हस्तलिपीत 'ई' हुबेहूब 'एन'सारखा दिसतो, आणि 'वाय'वर दोन टिंबं असतात, ती वेगळा स्वर समजून लोक नाव चुकीचं उतरवतात. दक्षिणेत बाईच्या आडनावाला 'इन' लागे. 'मायरिन' म्हणजे मायरची बायको किंवा मुलगी, ते वेगळं घराणं नव्हे. लॅटिन वह्यांत पाद्री मायरच्या जागी 'विलिकुस' लिहीत. शिकलेले लोक तर नावच पालटत. न्युर्नबर्गचे धर्मपंडित गेओर्ग मायोर (1502–1574) हे मुळात मायर. 1519 साली लाइपझिगला मार्टिन लूथरशी वाद घालणारे योहानेस एक हेही जन्माने मायर, 'एक' हे त्यांच्या गावाचं नाव.

दोन मायर म्हणजे एका रक्ताचे, असं धरावं का?

अजिबात नाही. शेकडो गावांत शेकडो कारभारी होते, आणि प्रत्येकापासून स्वतंत्र घराणं निघालं. त्यातच वेस्टफालिया, लिप्पे आणि ओस्नाब्र्युक भागात नाव वाडीचं असे. मायरच्या वाडीवर घरजावई म्हणून आलेला माणूस मायर होई आणि त्याची मुलंही मायरच. नोंदीत 'गेनांट' म्हणजे 'ऊर्फ' हा शब्द दिसला की थांबून दोन्ही नावांनी मागे शोधावं. टिरोल-बव्हेरियात कागदावरचं नाव एक आणि घराचं नाव दुसरं. 'मोअरकडचा' म्हणून ओळखला जाणारा माणूस कागदोपत्री हूबर असू शकतो. रक्ताचं नातं फक्त जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी एकीला एक जोडूनच सिद्ध होतं.

मायर आडनाव बदलून घेता येतं का?

जर्मनीत आडनाव बदलायला सबळ कारण लागतं, हौस चालत नाही. पण फार सर्रास असलेलं नाव आणि त्यामुळे होणारी गफलत हे कारण प्रशासन मान्य करतं, आणि मायर त्यातलं नमुन्याचं नाव. अर्ज स्थानिक प्रशासनाकडे करायचा आणि गफलत कुठे, कशी होते ते लिहून द्यायचं: चुकीच्या पत्त्यावर गेलेली पत्रं, दुसऱ्याच्या नावावर चढलेली बिलं, असे कागद सोबत जोडावेत. नुसतं स्पेलिंग 'ईआय'चं 'ईवाय' करून मागितलं तर उच्चार तोच राहत असल्यामुळे गफलत टळते हे पटवणं अवघड जातं. बहुतेक जण लग्नाच्या वेळी जोडीदाराचं नाव घेऊन किंवा जोड-आडनाव करून हा प्रश्न सोडवतात.